तागा कमी पडला

मास्तरांचा शर्ट सगळ्यांत झकास बसला होता, आणि तोच त्यांना सकाळपासून टोचत होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गल्लीच्या तोंडाशी दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि भिंतीला लावलेला माणसाएवढा आरसा, एवढंच दुकान. पण डोळा असा की गिऱ्हाईक दाराची पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर, खांदा सगळं मास्तरांच्या मनात लिहून व्हायचं. एकदा एक वकील कोट शिवायला आला आणि म्हणाला, "माप घ्या." मास्तर म्हणाले, "घेतलं. डावा खांदा तुमचा अर्ध्या बोटानं उतरलाय. कागदांची पिशवी त्याच हातात धरता ना?" वकिलानं तिथल्या तिथं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. दोन वर्षांनी तो दुसरा कोट शिवायला आला तेव्हा उजवा खांदा उतरलेला होता. मास्तर हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि सांगताना प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायचे.

घर मोठं. मास्तर थोरले, त्यांच्या पाठचा कंडक्टर, त्याच्या पाठचा धाकटा. तिघांच्या बायका, मुलं, सुना, एक घरजावई, नातवंडं. आणि या सगळ्यांच्या वर आक्का. मास्तरांहून पाच वर्षांनी मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. मागच्या खोलीत तिची खाट, आणि दुकानात मागच्या कोपऱ्यात तिचं स्टूल. चाळीस वर्षं मास्तरांच्या प्रत्येक कपड्याची काज-बटणं आणि तुरपाई आक्काच्या हातची. लोक वाहवा करायचे ती मास्तरांच्या कटिंगची. आक्का सुईत दोरा ओवत ऐकून घ्यायची.

तर झालं असं, की कंडक्टर निवृत्त झाला आणि त्याच्या डेपोतल्या सोबत्यांनी त्याला निरोपाची भेट म्हणून सगळ्या घराचे थीम पार्कचे पास दिले. एकोणीस पास. घरात पोरांनी नुसता धुडगूस घातला. मोठे मात्र धास्तावले, कारण मागच्या वेळी नुसत्या बाजारात गेले होते तर घरजावई हरवला होता आणि तीन तासांनी भांड्यांच्या दुकानात सापडला होता.

मास्तरांनी तोडगा काढला. एकाच ताग्यातलं कापड घ्यायचं आणि सगळ्या घराला त्याचंच शिवायचं. पुरुषांना शर्ट, बायकांना पायघोळ झगे, पोरांना जे बसेल ते. रंग असा की आंधळ्यालाही चुकवता येऊ नये.

"म्हणजे गर्दीत नजर टाकली की आपली माणसं मोजून होतात," मास्तर म्हणाले.

"दादा, माणसं डोकी मोजून मोजतात," कंडक्टर म्हणाला. "चौतीस वर्षं मोजलीत मी. एक कधी सुटलं नाही."

"तुझ्या डोक्यांना रंग नव्हता."

"आणि तुझ्या रंगाला डोकं नाही."

भावाभावांतलं असं बोलणं घरात रोजचंच, कुणी मनावर घेत नसे. तागा आला. नारिंगी, त्यावर बोटाबोटावर पांढऱ्या उभ्या रेघा. मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं, खडू घेतला आणि हिशेब मांडला. एकोणिसांना बरोबर पुरत होतं, वर टीचभर उरतही होतं.

सतरा कपडे मास्तरांनी सरळ कापले. रेघ कुठं मोडते, कुठं जुळते, बघितलं नाही. घरच्यांना काय, चालतं. मग अठरावा आला स्वतःचा. आणि तिथं हात अडला. मास्तरांच्या मनात आलं, एवढं सगळं घर बाहेर पडणार, लोक विचारणार कुणी शिवलं म्हणून. निदान मास्तराच्या अंगावर तरी रेघेला रेघ मिळायला हवी. खांद्यावरून उतरलेली रेघ बाहीत जावी, खिसा असा बसावा की खिसा आहे हे कळूही नये. झालं. एक बाही कापली, रेघ दोन दोऱ्यांनी सरकली. दुसरी कापली, ती उलट्या बाजूला सरकली. खिसा तर चार वेळा कापला. शिवणारे लोक जाणतात, रेघ जुळवायला लागलं की कापड पाण्यासारखं जातं. शेवटी शर्ट असा झाला की मास्तरांनी आरशासमोर तीन वेळा वळून बघितलं, आणि मग टेबलाकडे बघितलं. तिथं एका बाहुलीचा झगा होईल एवढंच कापड उरलं होतं.

आक्काचं राहिलं होतं.

फसलेल्या बाह्या, खिसे मास्तरांनी कातरणाच्या पोत्यात अगदी तळाशी कोंबले. जेवताना सगळ्यांना सांगितलं, "दुकानदारानं तागा कमी दिला. चोर लेकाचा. आक्काचं तेवढं राहतंय."

आक्का ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मला काय करायचंय नारिंगी घालून. तुम्ही घाला."

विषय मिटला. म्हणजे बाकीच्यांचा मिटला. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं मास्तरांचं झालं. पुढचे चार दिवस आक्का मागच्या कोपऱ्यात बसून त्या अठरा कपड्यांची काज-बटणं करत होती, आणि मास्तर तिच्याकडे पाठ करून मशीन चालवत होते. तिनं जवळ येऊन "या शर्टाला कुठली बटणं लावू?" विचारलं तरी ते दचकायचे.

असो. रविवारी दुपारी चारला वरात निघाली. फाटकाशी मास्तरांनी बोट पुढं करून मोजलं, "अठरा, आणि आक्का. भरले." आत गेल्यावर आधी होडीचा बोगदा. बाहेर आल्यावर पुन्हा बोट. "अठरा. आणि आक्का. चला." कंडक्टर शेजारी उभा राहून तोंडातल्या तोंडात डोकी मोजत होताच. दोघांचं उत्तर जुळलं की मास्तर विजयानं बघायचे.

मास्तरांची रीत खरंच नामी होती, यात वाद नाही. हजारभर माणसांत नारिंगी ठिपके कसे टपोरे दिसत होते. एका परक्या बाईनं थांबून विचारलंही, "तुम्ही काय गाण्याच्या पथकातले?" मास्तरांच्या सुनेनं हो म्हणून टाकलं आणि पुढची दहा मिनिटं पोरं हसत होती.

मग आला मोठा पाळणा. आठ मजली इमारतीएवढा. बंद काचेच्या खोल्या, एकेकीत सहा माणसं. आक्का गुडघ्यांमुळे बाकावर बसली आणि सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या तिच्याभोवती रचून बाकीचे वर गेले. खाली आले तेव्हा एकच गोंधळ. कंडक्टरला चक्कर येत होती, तो कठड्याला धरून डोळे मिटून उभा होता. आयुष्यभर चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस पाळण्यानं आडवा झाला म्हणून त्याची बायको हसत होती. पोरं ओरडत होती की कारंजी सुरू होणार, छोटी आगगाडी निघाली. पिशव्या ज्यानं त्यानं उचलल्या. या धांदलीत मास्तरांनी बोट नाचवत भराभर मोजलं.

"अठरा. चला चला, बसा गाडीत."

आगगाडी त्यांना घेऊन पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. कारंज्यांसमोर दगडी पायऱ्या होत्या, सगळे ओळीनं बसले. पाणी रंग बदलत उसळायला लागलं. मास्तरांची सहा वर्षांची नात, जिला घरात सगळे चिमणी म्हणतात, ती दोन पायऱ्या खाली जाऊन बसली आणि शेजारची जागा हातानं अडवून मागं ओरडली, "आक्काआजीला इकडे पाठवा, तिला लांबचं दिसत नाही."

सगळ्यांनी आक्काला पाठवण्यासाठी मागं बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं.

"तुमच्याजवळ होती ना?"

"मला वाटलं तुमच्या डब्यात बसली."

मास्तरांच्या बायकोनं हळूच विचारलं, "अहो, तुम्ही मोजलंत ना?"

"मोजले की," मास्तर म्हणाले. "अठरा."

आणि आपलाच आकडा आपल्या कानांवर पडल्यावर मास्तरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. कंडक्टरनं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "दादा, तू जा. मी इथून एकाला हलू देत नाही."

आगगाडी वीस मिनिटांनी होती. मास्तर चालत निघाले. आक्का मागं राहिल्याला पाऊण तास होऊन गेला होता. दिवे लागले होते, गर्दी वाढली होती, आणि समोरून येणारा जो तो हसत येत होता. अंगातला शर्ट घामानं पाठीला चिकटला. मक्याची कणसं भाजणाऱ्यानं वाटेत अडवून विचारलं, "शर्ट मस्त आहे हो, रेघा काय जुळवल्यात. कुठं शिवला?" आयुष्यभर या प्रश्नाची वाट बघणारा माणूस त्या क्षणी मान खाली घालून पुढं पळाला.

बाक रिकामा होता. म्हणजे बाकावर एक जोडपं बसून आइस्क्रीम खात होतं, पण मास्तरांच्या लेखी रिकामाच. त्यांनी मागं बघितलं, झाडीत बघितलं, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून हाका मारल्या. शेवटी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. आत चष्म्याची एक बाई कागद पुढं ओढून बसली.

"कोण हरवलंय?"

"बहीण. थोरली." नाव सांगितलं, वय सांगितलं.

"अंगावर काय घातलंय?"

मास्तरांनी स्वतःच्या शर्टाकडे बघितलं.

"रंग सांगा, म्हणजे माणसांना कळवते. तुमच्यासारखंच नारिंगी का?"

"नाही. तिचं... नारिंगी नाही."

"मग कुठला?"

मास्तरांनी डोळे मिटले. होडीच्या बोगद्यात आक्का त्यांच्या अगदी समोर बसली होती. तिचा चेहरा दिसत होता, मांडीवरची पिशवी दिसत होती. गळ्याखाली काहीच दिसेना. "साधंच काहीतरी," ते म्हणाले.

"उंची? बांधा?"

गल्लीतल्या पोस्टमनची छाती त्यांना पाठ होती. त्या वकिलाच्या दोन्ही खांद्यांचा इतिहास पाठ होता. आणि चाळीस वर्षांत आक्काच्या अंगाला टेप एकदा लागली नव्हती. ती आपलं आपण, उरल्यासुरल्यातून, कधीतरी शिवून घ्यायची. कधी, ते मास्तरांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी हात छातीशी आडवा धरून दाखवला, "एवढी असेल." मग हात जरा वर केला. मग जरा खाली.

बाईनं त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. वाईट नजर नव्हती ती, पण मास्तरांना वाटलं जमीन दुभंगावी आणि आपण टेप-कात्रीसकट आत जावं.

"शेवटचं कुठं बघितलंत?"

"पाळण्यापाशी."

"पाळणेवाल्याला विचारलंत?"

"ती नाही हो बसणार पाळण्यात. गुडघे आहेत तिचे."

"गुडघे सगळ्यांनाच असतात, आजोबा. विचारून तर बघा."

पाळणेवाला पन्नाशीचा, मिशीवाला. त्यानं दांडा ओढता ओढता ऐकलं आणि अंगठा वर केला. "हिरव्या कपड्यांतल्या बाई? तिसऱ्यांदा गेल्यात वर. म्हणाल्या, खाली बसलं तर नुसत्या लोकांच्या कमरा दिसतात. माझी माणसं नारिंगी आहेत, वरून लगेच दिसतील. मी म्हटलं बसा, आज गर्दी आपल्याकडे कमीच आहे."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी कळ आली: आता तिच्यासमोर उभं राहायचं होतं. खोली खाली आली. काचेतून आक्का दिसली, ताठ बसलेली, हात मांडीवर. दार उघडलं. ती उतरली नाही.

"आलास?" ती म्हणाली. "ये, बस. आता तुम्हाला शोधायचं राहिलं नाही, तर एक फेरी नुसती बघायला मारू."

मास्तर बसले. पाळणेवाल्यानं दार लावलं. खोली हळूहळू वर निघाली.

"आक्का, मला वाटलं तू..."

"मी विचारलं होतं तुला. तुम्ही खाली उतरलात तेव्हा. म्हटलं, मीपण एकदा बसून येऊ का. तू हं म्हणालास."

मास्तरांना आठवलं. डाव्या कानाशी कुणीतरी काहीतरी बोललं होतं, आणि त्यांनी तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला म्हणतात तसं 'हं' म्हटलं होतं.

"अर्ध्यावर असताना मी खाली बघितलं," आक्का सांगत होती. "तू बोट नाचवत मोजत होतास. फार छान दिसत होतात सगळे. मी म्हटलं आता हा वर बघेल. मग गाडीत बसलात. मग गाडी गेली."

तिच्या आवाजात काही नव्हतं. भाजी आणलीस का विचारावं, तसा आवाज. मास्तरांना वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर उतरायला पायरी मिळाली असती. मग त्यांनी डोळे मिटून बोलून टाकलं.

"आक्का, तागा कमी नव्हता."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"कातरणाचं पोतं कोण आवरतं आपल्याकडे? तळाशी दोन बाह्या होत्या, तुझ्याच मापाच्या. दोन अंगावर, दोन पोत्यात. म्हटलं माझ्या भावाला चार हात कधी फुटले. आणि त्या शर्टाची काज-बटणं मीच केली ना रे. रेघ जुळलेली दिसत नाही होय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. चार दिवस तू पाठ करून बसलास, म्हटलं आज वळेल, उद्या वळेल."

खाली दिवे लहान होत चालले होते. मास्तर तिच्याकडे बघत होते, आणि आता कुठं त्यांना दिसलं. गडद हिरवं कापड. गळ्याला बारीक गोट. बाहीच्या टोकाची तुरपाई इतकी नाजूक, की टाका शोधायला नखानं चाचपावं लागलं असतं. आणि कापड कोरं होतं. एकदाही धुतलेलं नव्हतं.

"हे कधी शिवलंस?"

"परवा. दुपारी जेवून तू मशीनवर डुलक्या घेतोस तेव्हा. म्हटलं सगळे नवं घालणार, आपणही घालू." ती जरा थांबली. "सकाळपासून कुणी काही म्हणालं नाही."

मास्तरांनी चौकशीच्या खिडकीवरचं सगळं सांगितलं. रंग सांगता आला नाही, उंची सांगता आली नाही. सांगायची गरज नव्हती, पण आता थांबवेना. "काय सांगितलंस मग?" आक्कानं विचारलं. "साधंच काहीतरी, म्हटलं," मास्तर म्हणाले. तेव्हा मात्र आक्कानं तोंड काचेकडे वळवलं, आणि खोली चांगली दोन माणसं उंच जाईपर्यंत वळवलेलंच ठेवलं.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं. साठी ओलांडलेला माणूस, पण आवाज दहा वर्षांच्या पोराचा आला.

"कापडाचा राग नाही. त्या दुकानदाराला चोर म्हणालास, त्याचा थोडा आला होता. आजचा अजून यायचाय. घरी जाऊन पाय चेपत बसेन तेव्हा येईल, मग बघू." तिनं पदर सारखा करावा तशी मांडीवरची पिशवी सारखी केली. "आता गप्प बस जरा. वरचा वेळ थोडाच असतो, तीनदा बघितलंय मी."

वर जाऊन पाळणा थांबला तेव्हा आक्का पुढं वाकून बघत होती, आणि तिला जे दिसत होतं ते विचारायचा आपल्याला हक्क नाही असं मास्तरांना वाटलं.

कारंज्यांपाशी कंडक्टरनं खरंच कुणाला हलू दिलं नव्हतं. आक्काला बघून पोरांनी गलका केला, बायकांनी तिला धरून बसवलं, पाणी दिलं. "आक्का, पाळण्यात एकटी?" "एकटी. तीनदा." "चक्कर नाही आली?" "कंडक्टरला आली ना, घरात एकाला आली की पुरे." कंडक्टरही हसला, आणि मास्तरांकडे वळून म्हणाला, "दादा, मी सांगत होतो, डोकी..."

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी माझं ऐका सगळे."

आणि उभ्या उभ्या सांगितलं. तागा पुरेसा होता. दुकानदार चोर नव्हता. माझ्या रेघा जुळवायला आक्काचं कापड मी खाल्लं आणि तुमच्याशी खोटं बोललो. म्हणून मोजताना अठरा भरले.

कारंजी चालू होती, गाणं वाजत होतं. सतरा नारिंगी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. चिमणीनं विचारलं, "म्हणजे आजोबांनी आक्काआजीचं कापड चोरलं?"

तिला कुणी गप्प केलं नाही. तिच्या आईनंसुद्धा नाही.

"हो," मास्तर म्हणाले.

त्यांची बायको उठली, झगा झटकला आणि म्हणाली, "चला. साडेसातची बस मिळेल." पोरांना अजून एक झुलता पूल बघायचा होता, पण कुणी हट्ट केला नाही.

बस अर्धी रिकामी होती. आक्का पुढं खिडकीशी बसली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून चिमणी. धाकट्याची बायको मागून वाकून आक्काच्या बाहीची तुरपाई बघत होती आणि हा टाका कसा घालायचा ते विचारत होती. मास्तर दांडा धरून उभे राहिले. बसायला पुष्कळ जागा होती. कंडक्टरनं चौतीस वर्षं लोकांना "बसून घ्या, बसून घ्या" सांगितलं होतं. त्यानं एकदा भावाकडे बघितलं, शेजारची रिकामी जागा बघितली, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. घर येईपर्यंत मास्तर उभेच होते.